घरून मतदानाचा अर्ज निवडणूक लागण्याआधीच घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही नेहमीच्या वेळेला झाल्या तर आता २०२९ मध्येच. कोल्हापुरात राजकारण निघाल्याशिवाय चहा संपत नाही हे खरं, पण ते कोण कुठल्या गटात गेला एवढ्यापुरतं. मला ज्या विषयावर लिहायचं आहे तो निवडणूक लागल्यावर काढून काही उपयोग नसतो, लोकांच्या ध्यानात येईतोवर अर्जाची मुदत टळलेली असते. म्हणून ही निवांत वेळ साधून लिहिते आहे.

वयाची ८५ वर्षं पूर्ण झालेल्या मतदाराला, तसंच ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदाराला घरी बसून टपाली मतपत्रिकेवर मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-ड भरून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोचवावा लागतो. दिव्यांगांनी सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडायची. इथवर बऱ्याच जणांना माहीत आहे. माहीत नसते ती मुदत. हा अर्ज निवडणूक जाहीर झाल्याखेरीज देता येत नाही, आणि अधिसूचना निघाल्यावर पाच दिवसांत तो पोचलाच पाहिजे. लोकांच्या डोक्यात मात्र तारीख असते ती मतदानाची.

२०२४ ची विधानसभाच बघा. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, २२ ला अधिसूचना निघाली, म्हणजे २७ ला अर्जाची दारं बंद. त्या दिवशी रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी वसुबारस. घरोघरी चकलीचे सोरे निघालेले, माळ्यावरचे डबे घासायला काढलेले. उमेदवार नक्की कोण हे ४ नोव्हेंबरला माघारीनंतर ठरलं, मतदान २० नोव्हेंबरला झालं. थोडक्यात, रिंगणात कोण आहे हे कळण्याच्या आठवडाभर आधी म्हाताऱ्या माणसाने ठरवायचं की मी केंद्रावर जाईन की घरून मत देईन. आणि हे एकदा ठरवून भागत नाही. लोकसभेला मे महिन्यात ज्यांनी घरून मत दिलं, त्यांनाही विधानसभेसाठी नव्याने अर्ज करावा लागला. मधल्या सहा महिन्यांत कुणाचं वय कमी झालं होतं की काय!

आमच्या सासूबाई नव्वदी ओलांडलेल्या. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराचा लाकडी जिना इतका उभा आहे की डॉक्टरसुद्धा वर आले की आधी खुर्ची मागतात. लोकसभेला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बाई अर्ज घेऊन आल्या, भरून घेतला, पोच दिली. ठरल्या दिवशी पथक आलं : दोन मतदान अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा मुलगा. उमेदवारांनाही या भेटींची यादी आधी दिलेली असते, त्यांचा माणूस येऊन बघू शकतो. आमच्याकडे कुणी आलं नाही, जिना बघून परत फिरले असतील तर माहीत नाही. अधिकाऱ्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा कुठे ठेवायचा म्हणून विचारलं. आम्ही शिवणाच्या मशीनवरचं झाकण लावून त्यावर जागा करून दिली. दृष्टी अधू असेल किंवा हात चालत नसेल तर मदतीला घरातलं प्रौढ माणूस घेता येतं, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मला दिसतंय की. सूनबाई, तूबी जरा भाईर हो."

मी बाहेर झाले. मत आतल्या पाकिटात गेलं, ते चिकटवलं गेलं, घोषणापत्रावर त्यांची सही झाली, अधिकाऱ्यांनी ती साक्षांकित केली, मग दोन्ही मोठ्या पाकिटात. मी केलेला चहा कुणी घेतला नाही. आचारसंहिता म्हणे. इतकं नेटकं काम सरकारी खात्याकडून घरात बसून बघायला मिळालं, याचं कौतुक केलंच पाहिजे.

खालच्या मजल्यावरच्या काकांचं वय सासूबाईंच्या जवळपास. विधानसभेच्या वेळी अर्ज घेऊन कुणी आलं तेव्हा ते लेकीकडे गडहिंग्लजला होते. बीएलओने परत यायचं असतं, नियमातच आहे तसं. पण त्याच बीएलओकडे यादीचं काम, त्याच अंगणवाडीत नाही तर शाळेत, त्यात दिवाळी तोंडावर. दुसरी फेरी झाली नाही. काका परत आले तोवर मुदत गेली होती. मतदानाच्या दिवशी तालमीतल्या पोरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून केंद्रावर नेलं आणि आणलं. लोकसभेला कोल्हापूर सत्तर टक्क्यांच्या वर जातं आणि विधानसभेला आमचा शेजारचा करवीर मतदारसंघ चौऱ्याऐंशीच्या, ते अशा पोरांच्या जिवावर. फोटोही छान आला. पण ज्यांच्या गल्लीत तालीम नाही त्यांनी काय करायचं?

याच्या उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते. १२-ड मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण होते आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक दोनदा येतं. दोन्ही वेळा माणूस घरी नसला, दवाखान्यात असला, तर ते मत गेलं. म्हणून हा अर्ज घाईगर्दीत, कुणीतरी पुढ्यात ठेवला म्हणून भरण्याचा नाही. घरच्यांशी बोलून, तब्येतीचा अंदाज घेऊन ठरवण्याचा आहे, आणि त्याला वेळ लागतो.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे निवडणुकीची कामं नोकरीभर केली. टपाली मताचा दुसरा प्रकार, म्हणजे आमच्यासारख्या ड्यूटीवाल्यांचा, मी आतून पाहिला आहे. पूर्वी मतपत्रिका आणि पाकिटं हातात मिळायची, आणि मग साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकारी गाठायचा. कितीतरी सहकाऱ्यांची पाकिटं टेबलाच्या खणातच राहिली. काहींनी घाईत १३-अ चं घोषणापत्र मतपत्रिकेबरोबर आतल्याच पाकिटात घातलं. रमणमळ्याच्या गोदामात मोजणीला बसलं की त्याचं काय होतं ते दिसतं. बाहेरचं पाकीट उघडलं की आधी घोषणापत्र शोधतात. ते नसेल, त्यावर सही-साक्षांकन नसेल किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतलं पाकीट उघडतसुद्धा नाहीत. मत बाद. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर "सूचना नीट वाचा" लिहिणाऱ्यांची मतं अशी जाताना पाहणं म्हणजे काय ते शिक्षकांनाच कळेल.

त्यावर उपाय निघाला. २०२३ मध्ये नियम बदलला आणि ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याने मतपत्रिका घरी न नेता सुविधा केंद्रातच मत देऊन तिथेच जमा करायची, असं ठरलं. प्रशिक्षणाला गेलो, तिथेच मत दिलं, विषय संपला. ड्यूटी आपल्याच मतदारसंघात असेल तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घेऊन नेमलेल्या केंद्रावर थेट मशीनवर मत देता येतं. सैनिकांच्या टपाली मतांवरही असाच उपाय निघाला. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घरटी कुणीतरी फौजेत. त्यांच्या मतपत्रिका जाता-येता टपालातच अडकायच्या. २०१६ पासून कोरी मतपत्रिका ऑनलाइन जाते, भरलेली तेवढी टपालाने येते, मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचली की झालं. सांगायचा मुद्दा, अडचण कुठे आहे हे कळलं की नियम बदलतात.

मग १२-ड चंच घोडं कुठे अडलं? मुदत मतदानाच्या जवळ न्या, असं माझं म्हणणं नाही. पथकांचे मार्ग आखायचे, मतपत्रिका छापायच्या, गाड्या-पोलीस बघायचे, हे किती जिकिरीचं असतं ते मला ठाऊक आहे. माझी मागणी उलटी आहे. मुदत पुढे वाढवू नका, मागे वाढवा. निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता हा अर्ज वर्षभर घ्या. मतदाराचं वय यादीत आहेच. दिव्यांगत्वाची नोंद नमुना ८ भरून एरवीही करता येते. नवीन नावासाठी तर आता वर्षात चार अर्हता दिनांक (वयाची १८ वर्षं पूर्ण झाली का ते ज्या तारखेला बघतात ती) आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. एवढी यंत्रणा बारमाही चालते, तर "मला घरून मत द्यायचं आहे" हे एक वाक्य त्यात नोंदवून ठेवायला काय हरकत आहे? निवडणूक लागली की बीएलओने फक्त विचारायचं, "आजी, अजून तसंच ठेवायचं ना?" हो म्हणाल्या तर सही घ्या, नाही म्हणाल्या तर खूण काढून टाका, त्या केंद्रावर जातील.

आणखी एक. ही सोय २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा वयाची अट ८० होती, ती लोकसभेच्या तोंडावर २०२४ मध्ये ८५ केली. ८० ते ८५ मधल्या ज्यांचे गुडघे गेले आहेत पण दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही, ते कुठल्याच खान्यात बसत नाहीत. बहुतेक वृद्ध केंद्रावर जाणंच पसंत करतात, असं त्या वेळी वाचनात आलं. करत असतीलही. पण अर्जाची मुदतच ज्यांना कळली नाही त्यांनाही त्याच पसंतीत धरलं असेल, तर तो हिशेब मला मान्य नाही.

नियम बदलणं दिल्लीचं काम, ते कधी होईल तेव्हा होईल. तोवर जिल्ह्यात करण्यासारखं बरंच आहे. बीएलओला घर बंद मिळालं तर दारावर अर्जाची शेवटची तारीख आणि आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. ती तारीख रेशन दुकानात, पेन्शनवाल्यांच्या बँकेत, गल्लीतल्या दवाखान्यात आणि तालमीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लागावी. आणि आपल्या वृत्तपत्राने निवडणूक जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, उमेदवारीच्या चर्चेतून चार बोटं जागा काढून, पहिल्या पानावर ती छापावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर