भूलतज्ज्ञ डॉक्टर मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

वडिलांच्या यकृतातील कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा रीतीप्रमाणे पहिले पेढे सर्जनसाहेबांना गेले आणि ते रास्तच होते. तुमचे आभार मात्र चार लोकांसमक्ष मानावेत असे घरच्या सर्वांना वाटले, म्हणून हे अनावृत पत्र.

यकृताचे आठ भाग मानतात. वडिलांची गाठ त्यांतल्या पहिल्या भागात, म्हणजे कॉडेट लोबमध्ये होती. हा भाग यकृताच्या मागच्या अंगाला इतका खोल दडलेला असतो, की पुढे यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिन्या व पित्तनलिका, मागे हृदयाकडे जाणारी महाशीर आणि तिच्यात थेट उघडणाऱ्या बारीक, नाजूक शिरा, अशा कोंडीतून ती गाठ सोडवावी लागते. पुढून येणारे रक्त चिमट्याने थोडा वेळ थांबवता येते. ग्लासगोचे सर्जन प्रिंगल यांनी १९०८ साली मांडलेली ही पद्धत आजही वापरतात. महाशिरेतून उलट येणारे रक्त मात्र त्याने थांबत नाही, आणि तिथे सारी भिस्त भूलतज्ज्ञावर असते.

हे आम्हाला कळले ते तुमच्यामुळे. आदल्या संध्याकाळी तुम्ही वॉर्डात आलात, वडिलांना तोंड उघडायला लावलेत, हलणारा दात आहे का, जिना चढताना धाप लागते का, हे विचारलेत आणि मग फाइलच्या पाठीवर पेनाने ती शीर काढून दाखवलीत. भरलेल्या पाइपासारखी ती तट्ट असली तर छोटे छिद्रही आवरत नाही; म्हणून गाठ सुटेपर्यंत सलाइन हात राखून द्यायचे, शिरेतला दाब कमी ठेवायचा, पण रक्तदाब इतका उतरू द्यायचा नाही की मूत्रपिंडांना झळ पोहोचेल, आणि मोकळ्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ नये याकडेही डोळ्यांत तेल घालून पाहायचे. एवढी कसरत पडद्याआड चालते, याची नातेवाइकांना सहसा कल्पनाही नसते.

पाठीतली वेदनाशामक नळी काढण्याची आम्हालाच घाई झाली होती. यकृत कापल्यावर रक्त गोठण्याची क्रिया काही दिवस मंदावते, हे शांतपणे समजावून तुम्ही रक्ताचा अहवाल नीट येईपर्यंत ती काढू दिली नाहीत.

वडिलांचा आजार जुन्या हिपॅटायटिस बी मधून उद्भवला होता. तुम्ही बजावल्याप्रमाणे आम्हा भावंडांच्या तपासण्या झाल्या, सर्वांचे अहवाल निर्दोष आले आणि लसीचा पहिला डोसही घेऊन झाला आहे.

आपला कृतज्ञ,
आपल्या रुग्णाचा मुलगा