आधी वही, मग मेश

आदरणीय मॅडम,

सीएई (संगणकाच्या मदतीने अभियांत्रिकी विश्लेषण) लॅबच्या पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला संगणक सुरूच करू दिला नाहीत. अर्धा मीटर लांबीची पोलादी कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला घट्ट बसवलेली पट्टी, रुंदी 20 मिमी, जाडी 10 मिमी, मोकळ्या टोकाला 100 न्यूटन भार. "टोक किती खाली येईल, वहीत काढा," म्हणालात. उत्तर आलं 12.5 मिमी. मग सॉफ्टवेअर उघडलं. ते वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून हिशोब करतं; तुकड्यांच्या जाळीला मेश आणि ते जिथे जोडले जातात त्या बिंदूंना नोड म्हणतात. तर त्यात टोक 12.5 च्या निम्म्यानेही वाकेना. पडद्यावरचं रंगीत चित्र इतकं देखणं, की आम्ही वहीतच खाडाखोड सुरू केली.

तुम्ही चूक दाखवली नाहीत. "जाडीत किती एलिमेंट आहेत, मोजा," एवढंच. एकच थर होता, तोही तीन नोडच्या त्रिकोणांचा. अशा त्रिकोणात स्ट्रेन, म्हणजे ताणलं-दाबलं जाण्याचं प्रमाण, सगळीकडे सारखा. वाकलेल्या बीममध्ये मात्र वर ताण, खाली दाब; तो फरक एका थराला दाखवता येईना, म्हणून पट्टी ताठ भासत होती. आठ नोडचे चौकोन घेतले आणि आकडा 12.5 वर येऊन बसला. त्या दुपारी मला एलिमेंट म्हणजे काय ते कळलं. आधीच्या सहा महिन्यांच्या व्याख्यानांतून ते कळलं नव्हतं.

एल आकाराच्या ब्रॅकेटचं तसंच. मेश बारीक करत जावं तसा आतल्या कोपऱ्यातला स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचं आतलं बल) वाढतच जाई. मी हताश झाले होते. "खऱ्या ब्रॅकेटचा कोपरा इतका टोकदार असतो का?" असं तुम्ही विचारलंत. फिलेट, म्हणजे कोपऱ्याला गोलाई, दिला आणि आकडा स्थिरावला.

स्लाइप्नर ए बद्दल तुम्ही सांगितलंत तेव्हा वर्ग गप्प झाला होता. 1991 च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेत तो तेल-प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ बुडाला, कारण विश्लेषणात भिंतीतला शिअर (कातरणारा) स्ट्रेस 47 टक्क्यांनी कमी दिसला होता. अपघातानंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती 65 मीटरला फुटली होती. पद्धत दोन्ही वेळा तीच, तुकडे पाडून हिशोब करण्याची, फायनाइट एलिमेंटची. ते दोन आकडे मी आजही अहवालावर सही करण्याआधी आठवते, आणि रिॲक्शनची (आधारांनी उलट दिलेल्या बलांची) बेरीज भाराइतकी येते का ते पुन्हा एकदा तपासते.

सॉफ्टवेअरची लायसन्स मोजकीच असल्यामुळे तुम्ही सुटीनंतरही लॅब उघडी ठेवायचात. त्याबद्दल तेव्हा कुणीच आभार मानले नाहीत. आज मनापासून मानते.

येत्या सत्रापासून मीही तिसऱ्या वर्षाची लॅब घेणार आहे. पहिल्या प्रात्यक्षिकाला तीच कॅन्टिलिव्हर ठेवली आहे, संगणक बंद ठेवून.

तुमची विद्यार्थिनी