फोन ऐकणाऱ्यावर लक्ष कोणाचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोन टॅपिंगवर आपल्याकडे गेले काही दिवस वाचकांची पत्रं येताहेत. त्यातल्या एका गृहस्थांनी लिहिलंय, ‘माझ्या मनात काही काळंबेरं नाही, सरकारने माझा फोन खुशाल ऐकावा.’ त्यांना उत्तर द्यायला कोणी वकील किंवा पत्रकार पुढे येईलच. मी पलीकडच्या बाजूने उत्तर देते. मी लोकांचे फोन ऐकलेले आहेत. खुर्चीवर बसून, सरकारी पगार घेऊन.

१९७६ साली मी डाक-तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. जिल्ह्याच्या गावातलं एक्स्चेंज, ट्रंक बोर्डावर आम्ही सहा-सात जणी. एसटीडी येईपर्यंत परगावी बोलायचं तर आमच्याकडे कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, नाहीतर लाइटनिंग. आम्ही तिकीट, म्हणजे त्या कॉलच्या नोंदीची चिठ्ठी, लिहायचो, लाइन मिळाली की कॉर्ड लावून दोन्ही टोकं जोडायचो आणि मधे बोलायचो, ‘तीन मिनिटं झाली, वाढवू का?’ त्यासाठी बोर्डावर एक ‘की’, म्हणजे खटका, असायची. ती ओढली की मी लाइनवर. बहुतेकांना पत्ता लागत नसे. सराईत ग्राहक मात्र आवाज किंचित पडला की म्हणायचे, ‘बाई, ऐकताच आहात तर लाइन तेवढी साफ करून द्या.’

ऐकायचं नाही हा नियम. नोकरीत घेताना गुप्ततेच्या कागदावर सही घेतली होती. १८८५ च्या तार कायद्यातलं २६ वं कलमही सगळ्याजणींना ठाऊक होतं. ग्राहकाचं बोलणं बाहेर फोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय पाठीमागे मॉनिटर बाई फेऱ्या मारायच्या. कुणाची की उगाच ओढलेली दिसली की खांद्याला पेन्सिल टोचायची.

आता जे लिहिते ते आजवर घरातही सांगितलेलं नाही.

१९८१ च्या पावसाळ्यात रात्रपाळीला मुंबईहून एक पीपी कॉल, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावून द्यायचा कॉल, आला. मुलीचा मामा तिच्या वडिलांशी बोलत होता. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) लाइन इतकी खराब की एकाचं दुसऱ्याला ऐकू जाईना. अशा वेळी आम्ही मधे राहून शब्द पोचवायचो, ती रीतच होती. मुलीला मुंबईत डॉक्टरांना दाखवलं होतं. मामा सांगत होता आणि वडील ‘काय? काय म्हणतोस?’ करत होते. शेवटी मीच सांगितलं, ‘ते म्हणताहेत, फिटचाच आजार आहे. गोळ्या कायम घ्याव्या लागतील.’ बराच वेळ काही आवाज नाही. मग ‘बरं’ म्हणाले. मी तिकिटावर सहा मिनिटं लिहिली.

चार दिवसांनी दुपारी तांदूळ निवडता निवडता मी ते माझ्या जाऊबाईंना सांगितलं. वाईट हेतू नव्हता. मुलगी गोड होती, नुकता साखरपुडा झाला होता, मन हळहळलं. ‘कुणाला बोलू नका हं,’ हेही म्हटलं. महिन्याच्या आत लग्न मोडलं.

माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. दाखवणार कसं? त्या घराने संशय घेतला तो मामीवर. तिच्याच तोंडून फुटलं असणार म्हणून. हे मला कळलं ते तिकिटांवरून. त्या नंबरावरून दर पंधरा दिवसांनी मुंबईच्या एका नंबराला कॉल लागायचा, तो बंदच झाला. पुढे कानावरही आलं की दोन्ही घरांचं जाणं-येणं राहिलेलं नाही. वडील मात्र काउंटरवर यायचे, दुसऱ्या गावचे कॉल बुक करायचे, ‘ताई, जरा लवकर लावा’ म्हणायचे. २६ वं कलम पुस्तकात होतं. माझ्याविरुद्ध तक्रार करायचा हक्क ज्या माणसाला होता, तो माझ्यासमोर उभा राहून मला ताई म्हणत होता.

काळंबेरं त्या वडिलांच्याही मनात नव्हतं, एवढंच त्या पत्रलेखकांना सांगायचं आहे.

पोलिसांचं टॅपिंगही मी लांबून पाहिलंय. साध्या कपड्यातला माणूस कागद घेऊन साहेबांच्या खोलीत जायचा. आमच्या तंत्रज्ञापर्यंत पोचायचा तो फक्त नंबर, कारण नाही. मग एमडीएफवर, म्हणजे गावातल्या सगळ्या तारा जिथे येऊन लागतात त्या लोखंडी चौकटीवर, त्या नंबराच्या जोडीला एक जास्तीचा जम्पर, म्हणजे जोडतार, मारला जायचा. दुसरं टोक पोलिसांच्या लाइनला. पाच मिनिटांचं काम. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं, जुनी फ्रेम साफ करायला घेतली, तेव्हा असाच एक जम्पर जागेवर सापडला. कधी लागला, कुणाच्या सांगण्यावरून, वहीत नोंद नाही. नंबर एका शाळामास्तरांचा होता. ते वारून वर्ष उलटलं होतं. फोन सून वापरत होती.

विसरला म्हणावं तर काढायची मुदत तरी कुठे होती? १८८५ च्या कायद्याच्या कलम ५(२) ने सरकारला अधिकार दिला, सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी हवं असेल तेव्हा. तो वापरायचा कसा याचे नियम शंभर वर्षं कुणी केलेच नाहीत. १९९१ मध्ये राजकीय नेत्यांचे फोन टॅप झाल्याबद्दलचा सीबीआयचा अहवाल बाहेर आला, पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १८ डिसेंबर १९९६ ला न्यायालयाने कुंपण घातलं. आदेश गृहसचिवांचाच हवा. मुदत दोन महिने, वाढवत नेली तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही. सचिवांच्या समितीने आदेश तपासायचे. आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी अशीही मागणी होती. कायद्यात तशी तरतूद नसताना आम्हाला ते करता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे ते काम संसदेचं.

संसदेने सत्तावीस वर्षं वाट पाहिली. नवं दूरसंचार विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, तेही योगायोगाने १८ डिसेंबरलाच, २०२३ साली. २० तारखेला तिथे मंजूर, २१ ला राज्यसभेत मंजूर. विरोधी बाकांवरचे जवळजवळ दीडशे खासदार तेव्हा निलंबित होते. इंग्रजांचा कायदा गेला याचा आनंद मलाही झाला होता. पण त्यातलं कलम २०(२) आणि ६ डिसेंबर २०२४ चे नियम मुलाकडून छापून घेऊन वाचले, तर व्यवस्था जवळपास तीच. आदेश गृहसचिव काढणार. तपासणार कोण, तर केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव. मी कुणाला चोर म्हणत नाही. पण माझी की माझ्याच शेजारणीने तपासावी अशी सोय आमच्या बोर्डावरसुद्धा नव्हती.

बरं, तपासणार म्हणजे किती? केंद्राकडून महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार आदेश निघतात, असं उत्तर माहिती अधिकारात २०१३ साली मिळालं होतं. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात हेच मांडलं. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे एका बैठकीला १५ ते १८ हजार आदेश. आम्हा ऑपरेटर लोकांना हिशेब तीन मिनिटांत करायची सवय. एका आदेशाला एका ऑर्डिनरी कॉलइतकी तीन मिनिटं दिली, तर १८ हजारांना ९०० तास लागतात. रोज आठ तास बसलं तरी ११२ दिवस. दोन महिन्यांत तर साठच दिवस असतात! न वाचता सह्या होतात असं मी म्हणत नाही, गणित म्हणतंय.

फोन ऐकूच नयेत असं माझं मत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्यांचं पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेलं बोलणं यंत्रणांनी ऐकलं, आणि पुढे खटल्यात ते पुरावा म्हणून उभं राहिलं. तेव्हा कागदाची वाट पाहत बसायला हवं होतं असं कोण म्हणेल? पण अधिकार त्या रात्रीचं नाव सांगून मागायचा आणि वापरायचा भलतीकडे, हेही घडतं. लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. लाचेचा गुन्हा वाईटच, पण त्यात सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न कुठे आला? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं होतं, त्याचाच हा आधार.

मुंबईच्या त्या निकालात माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीने वेधलं. त्या माणसाला आपला फोन टॅप झाल्याचं कळलं, कारण त्याच्यावर खटला झाला. म्हणजे ज्याच्यावर आरोपपत्र आलं त्याला वकील आहे, न्यायालय आहे, दाद आहे. ज्याच्या फोनमध्ये काहीच सापडलं नाही, त्याला सहा महिने कुणीतरी ऐकत होतं हे जन्मात कळणार नाही. ‘लपवण्यासारखं काही नाही’ म्हणणारे गृहस्थ नेमके याच रांगेत उभे आहेत.

नातू म्हणतो, ‘आजी, आता सगळं व्हॉट्सॲपवर, ते कुणाला वाचता येत नाही.’ येत नसेल वाटेत. पण हातातला फोनच फोडणारी सॉफ्टवेअर आली आहेत. त्यातल्याच पेगॅसस नावाच्या सॉफ्टवेअरच्या चौकशीत सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांमध्ये काहीतरी घुसलेलं सापडलं. ते पेगॅससच होतं का याचा निष्कर्ष निघाला नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही हे २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनीच न्यायालयात सांगितलं. शिवाय बोलणं ऐकावंच लागतं असं नाही. मामीचं घर तुटलं हे मी कॉल ऐकून ओळखलं नव्हतं. कुणाचे कुणाला, किती वाजता, किती मिनिटं, एवढ्यावर अर्धं गाव वाचता यायचं. रात्री साडेअकराला रोज एका नंबराला तीन मिनिटं, म्हणजे काय ते आम्ही विचारत नसू. कळायचं.

आजचं तिकीट म्हणजे सीडीआर, कुणी कुणाला केव्हा आणि किती वेळ फोन केला याची कंपनीकडची नोंद. कंपन्यांना ते दोन वर्षं सांभाळावं लागतं. ते मागवायला गृहसचिवांची सही लागत नाही, पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी पुरतो. आणि ते बाहेर कसं जातं हेही आपण पाहिलंय. २०१३ मध्ये राज्यसभेतले विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचे कॉल रेकॉर्ड चोरून काढल्याबद्दल दिल्ली पोलिसांतल्या एका शिपायाला अटक झाली. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारे खासगी गुप्तहेर पकडले. बायकोचा, नवऱ्याचा, भागीदाराचा, पैसे मोजाल त्याचा. आमच्या काळी निदान तांदूळ निवडता निवडता फुकट जायचं.

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, न्यायाधीशाची परवानगी हीच मागणी करावी. ती आहेच. घाईचं काम असेल तर आधी ऐका, पण ठरावीक दिवसांत न्यायाधीशापुढे जा. वर्षाला किती आदेश निघाले, किती नाकारले गेले, हा आकडा संसदेपुढे आणि विधिमंडळापुढे ठेवा. आकड्याने कुठला अतिरेकी सावध होणार आहे?

पण त्याहून मला मोलाचं वाटतं ते कळवणं. तपास संपला, काही सापडलं नाही, की त्या माणसाला पत्र जायला हवं, ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आपला फोन ऐकला गेला, आदेश अमक्याचा.’ अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने टॅपिंग संपल्यापासून ९० दिवसांत असं कळवावं लागतं. पुढे ढकलायचं तर न्यायाधीशाला कारण पटवावं लागतं. आपल्याकडे अशी दोन ओळींची तरतूद नाही. पत्र जाणार आहे हे माहीत असलं, की आदेश लिहिणारा हात जरा थांबतो. मॉनिटर बाई सुट्टीवर असल्या की आमच्या बोर्डावर किती की ओढलेल्या असायच्या, ते मी पाहिलेलं आहे. आणि त्या वडिलांना जर कुणी कळवलं असतं की त्या रात्री लाइनवर आणखी एक बाई होती, तर मामीवरचा आळ तरी टळला असता. ते धाडस मला झालं नाही. ते दोघेही आता नाहीत.

आपली,
एक निवृत्त ट्रंक ऑपरेटर

ता. क. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे, तो छापू नये. गावाचं नावही नको. त्या साली तिथे रात्रपाळीला कोण होती एवढं कळलं, तर ते घर कुठलं हे शोधायला जुन्या माणसांना पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. आणि ती मुलगी, म्हणजे आता साठी ओलांडलेली बाई, तिथेच राहते.