हीटरपासून ‘दूर’ म्हणजे नेमके किती? तुमच्याच चित्राप्रमाणे लावलेल्या स्पीकरबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : माहितीपुस्तिकेतील चित्राप्रमाणे बसवलेले स्पीकर उष्णतेने खराब झाल्यावर वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय / महोदया,

तुमच्या कंपनीचा ५ स्पीकर आणि सबवूफर असलेला होम थिएटर संच आम्ही १४ महिन्यांपूर्वी घेतला. गेले ३ महिने त्यातला मधला स्पीकर खरखरतो. चित्रपटातले संवाद ऐकू येतात, पण शब्द फाटून येतात. जाड आवाजाचा माणूस बोलत असला की जास्तच. तुमचे तंत्रज्ञ घरी आले, ५ मिनिटांत पाहून गेले आणि आठवड्याने कंपनीचे पत्र आले : स्पीकर उष्णतेच्या स्रोताजवळ ठेवल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. त्या पत्राला हे माझे उत्तर आहे.

तुमच्या माहितीपुस्तिकेचे पान ६ उघडून पाहा. भिंतीवर टीव्ही, त्याखाली फळी, फळीवर मधला स्पीकर आणि फळीच्या खाली भिंतीत बसवलेला हीटर. आमच्या खोलीची रचना जवळजवळ हीच आहे; आमचा हीटर चित्रातल्यापेक्षा थोडा डावीकडे आहे, एवढाच फरक. हे चित्र पाहूनच आम्ही फळी ठोकली. पान २३ वर, बारीक अक्षरांतल्या सुरक्षा सूचनांमध्ये, रेडिएटर, हीटर, शेगडी अशा उष्णता देणाऱ्या वस्तूंजवळ संच बसवू नये, अशी एक ओळ आहे. ती मी वाचली होती. पण ज्या कंपनीने स्वतःच हीटरच्या वर स्पीकर काढून दाखवला आहे, तिला ‘जवळ’ म्हणजे ‘हीटरला टेकून’ असेच म्हणायचे असणार, असे आम्ही समजलो. त्या ओळीत ना अंतर आहे ना तापमान. रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकरना आवाजाचे संकेत पुरवणाऱ्या मुख्य यंत्राच्या, तपशिलात मात्र भोवतालचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सियस असावे, असे स्वच्छ छापले आहे. स्पीकरसाठी असा एकही आकडा मला संपूर्ण पुस्तिकेत सापडला नाही.

तुमचे पत्र आल्यावर मी थर्मामीटर आणून मोजायला बसले. हीटर २ तास चालल्यानंतर फळीवर, मधल्या स्पीकरच्या बुडाशी ६१ अंश भरले. डावा स्पीकर हीटरपासून साधारण ७० सेंटीमीटरवर आहे. त्याची हीटरकडची बाजू ४४ अंश आणि पलीकडची २९. उजवा स्पीकर २ मीटरपेक्षा लांब, तो २४ अंशांवर. तिन्ही एकाच खोक्यातून निघालेले, एकाच वेळी वाजणारे. उजवा आजही नवा वाटतो. डाव्याच्या फक्त हीटरकडच्या बाजूवरचा लाकडी नक्षीचा थर सुटून फुगला आहे. मधल्याचा बुडाचा सांधा उघडला आहे, आणि आवाज वाढवला की त्या फटीतून हवा फुसफुसते. तुमच्या तंत्रज्ञांनी डाव्या स्पीकरकडे पाहिलेही नाही, याचे मला फार वाईट वाटले, कारण नेमके काय घडले ते त्या एका स्पीकरच्या दोन बाजूंवरच दिसते.

आत काय झाले असावे, हे मी स्पीकर दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडून समजून घेतले. मधल्या स्पीकरचा कोन (समोरचा शंकूसारखा, थरथरून आवाज काढणारा पडदा) बोटांनी हळूच, सरळ दाबला की आत घासल्याचे जाणवते. कोनाला जोडलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, चुंबकाच्या अगदी अरुंद फटीत, कशालाही न शिवता, मागेपुढे हलायला हवी असते. तिला मध्यावर धरून ठेवणारे सगळे भाग चिकटवलेले असतात. उष्णतेने चिकट पदार्थ मऊ पडला आणि कॉइल केसभर जरी सरकली तरी ती घासू लागते. आणखी एक गोष्ट मला तोपर्यंत ठाऊक नव्हती. घरगुती स्पीकरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम १ टक्क्याच्या आसपास वीज आवाज होते, बाकी जवळपास सगळी कॉइलमध्येच उष्णता होते. ती उष्णता चुंबकात आणि खोक्यातल्या हवेत उतरायला हवी. ते खोकेच ६० अंशांवर तापलेले असेल तर ती उतरणार कुठे? तांब्याचा विद्युतरोध दर १० अंशांना सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तितक्याच व्हॉल्यूमला आवाज आणखी दबतो. जाडे आणि बारीक स्वर वेगळे करणाऱ्या आतल्या सर्किटमधल्या (क्रॉसओव्हरमधल्या) इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर या भागाचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. तुमच्या जाहिरातीत ज्या निओडिमियम चुंबकाचे एवढे कौतुक आहे, त्याच्या साध्या प्रतीची ताकद ८० अंशांच्या आसपास कायमची घटू लागते. हे सगळे तुमच्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगले माहीत आहे. मग ते ज्ञान पान ६ पर्यंत का पोचले नाही?

आता सर्वांत गंभीर भाग. तक्रार नोंदवताना फोनवरच्या प्रतिनिधीने मला सुचवले की हीटर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक लाकडी पट्टी लावा. ते सौजन्याने बोलले, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा सल्ला धोकादायक आहे. आडोशाने हीटरची थेट धग अडते, गरम हवा मात्र बाजूने वळून वरच जाते. शिवाय लाकूड रोज तापून कोरडे होत राहते आणि हीटरच्या तोंडाशी एक जळाऊ वस्तू आपण आपल्या हाताने बांधून ठेवतो. माझ्याकडे आधीच फळीवरून गेलेल्या स्पीकरच्या तारेचे आवरण मऊ होऊन फळीला चिकटले होते. आतले तांबे उघडे पडून दोन तारा एकमेकींना लागल्या असत्या तर रिसीव्हरही गेला असता. हा सल्ला आणखी किती घरांत दिला गेला असेल, या विचाराने मी अस्वस्थ आहे.

‘स्पीकर दुसरीकडे ठेवा’ हे तुमच्या पत्रातले वाक्य तुमच्याच मांडणीच्या सूचनांशी जुळत नाही. डावा आणि उजवा स्पीकर बसणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून २२ ते ३० अंशांत हवेत, मधला टीव्हीला लागून हवा, हे तुम्हीच सांगता. टीव्हीच्या वर नेला तर गरम हवा तिथेही चढते. खोलीत जागा हलवायला फार वाव नसतो, म्हणूनच किती सेंटीमीटर आणि किती अंश, हे ग्राहकाला आधी कळायला हवे. ते आकडे असते तर मी फळी ठोकण्याआधी एक संध्याकाळ थर्मामीटर ठेवून पाहिले असते आणि हीटरची जागा बदलून घेतली असती.

मधला स्पीकर बदलून मिळावा आणि डाव्याचे खोके दुरुस्त करून किंवा बदलून मिळावे, ही माझी मागणी आहे. पान ६ वरचे चित्र मागे घ्यावे आणि ज्यांच्याकडे ही पुस्तिका गेली आहे त्या सर्वांना तसे कळवावे. स्पीकरच्या पृष्ठभागाचे कमाल तापमान आणि हीटरच्या वर व बाजूला सोडायचे किमान अंतर सुरुवातीच्या पानांवरच छापावे. लाकडी पट्टीचा सल्ला तुमच्या प्रतिनिधींकडून यापुढे कोणालाही दिला जाणार नाही, हे मला लेखी हवे आहे. नुकसानभरपाईपेक्षा या शेवटच्या गोष्टीवर मी अधिक अडून राहणार आहे.

मधला स्पीकर मी काढून ठेवला आहे, उघडलेला नाही. तुमच्या तंत्रज्ञांनी पुन्हा यावे, या वेळी तापमापक घेऊन यावे आणि हीटर २ तास चालेपर्यंत थांबावे. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, पान ६ व २३ च्या प्रती, तापमानाच्या नोंदी, तिन्ही स्पीकरची आणि तारेची छायाचित्रे.

आपली,
एक ग्राहक