इंग्रजीच्या तासाला मुलांना खरे बोलू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय भाषांविषयीचा आपल्याकडचा वाद बहुधा माध्यमावरून किंवा भाषांच्या संख्येवरून होतो. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय निघाले आणि जूनअखेर मागे घेतले गेले, तेव्हाही कोणती भाषा आणि कितवीपासून, एवढ्यावरच चर्चा थांबली. इंग्रजी शिकताना मुलाच्या सचोटीचे आणि स्वाभिमानाचे काय होते, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. मुंबईतील मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून तो येथे मांडते.

राज्यातील मराठी शाळांत २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले, ते योग्यच झाले. लालबाग-परळच्या चाळीतील मुलाला न्यायालयाची, बँकेची आणि उच्च शिक्षणाची भाषा न देणे हा अन्याय ठरला असता. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कवितांमधून शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे कळकळीचे आवाहन केले, ते जातीच्या अपमानातून त्यांची सुटका व्हावी म्हणून. जी भाषा मान ताठ करण्यासाठी हाती घ्यायची, तीच शिकवताना आपण मुलांना मान खाली घालायला लावत असू, तर दोष भाषेचा नाही, शिकवणाऱ्यांचा आहे.

मला सर्वांत गंभीर वाटते ती पाठांतराने अंगवळणी पडणारी असत्याची सवय. वडिलांवर निबंध लिहायला सांगितला की रात्रपाळीला टॅक्सी चालवणाऱ्याचा मुलगा गाईडमधला इंजिनिअर बाप उतरवून काढतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी मुलगी घरापुढच्या बागेचे वर्णन करते. व्याकरण अचूक असते, म्हणून आम्ही शिक्षक पूर्ण गुण देतो. मराठीच्या तासाला हीच मुले गणपतीतली आरास, नळावरची भांडणे, आजीचे आजारपण असे सगळे मनापासून सांगतात. इंग्रजीत मात्र आपले खरे आयुष्य सांगण्याजोगे नाही, असे त्यांना हळूहळू वाटू लागते. एखाद्याने ‘माय फादर ड्राइव्ह टॅक्सी नाइट’ असे मोडके पण खरे वाक्य लिहिले, तर आधी त्या वाक्याचा आदर करावा, त्या वडिलांविषयी आणखी दोन प्रश्न विचारावेत आणि मग क्रियापद दुरुस्त करावे. हा क्रम उलटला की मूल भाषाही शिकत नाही आणि खरे बोलण्याचे धैर्यही गमावते.

दुसरी गोष्ट भीतीची. काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मधल्या सुट्टीत मराठी बोलल्याबद्दल दंड किंवा शिक्षा होते, हे पालक दबक्या आवाजात सांगतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे आणि कलम २९ मध्ये मुलाला भय व चिंतेपासून मुक्त ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण कायद्याच्याही आधी ही धर्मबुद्धीची बाब आहे. ज्या भाषेत मूल शुभंकरोती म्हणते, दुखले-खुपले की आईला हाक मारते, ती शाळेच्या फाटकाशी टाकून यायची वस्तू आहे, असे त्याच्या अंतःकरणावर बिंबवण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला, तो ज्यांना संस्कृतचे दार बंद होते त्यांच्यासाठी. ज्ञान वंचितांपर्यंत नेणे हीच उपासना, ही आपली परंपरा आहे, आणि इंग्रजीचा शिक्षक तिचा वारस आहे असे मी मानते. महानगरपालिकेच्या शाळांत, जेथे आठ माध्यमांतून शिक्षण दिले जाते, असे काम निष्ठेने करणारे शिक्षक आजही आहेत. त्यांच्याकडे पाहायला पत्रकारांनीही कधी यावे.

शिक्षण विभागाने इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत स्वतःच्या घरादाराविषयी आणि कामाधामाविषयी स्वतःच्या शब्दांत बोलण्याला स्वतंत्र गुण ठेवावेत, आणि पाठ केलेल्या निबंधाला पूर्ण गुण देऊ नयेत, अशी सूचना शिक्षकांच्या प्रशिक्षणात द्यावी. पालकांनाही विनंती आहे की, पाहुण्यांपुढे मुलाला इंग्रजी बोलून दाखवायला लावू नये; त्याऐवजी आज वर्गात कोणते नवे वाक्य स्वतः तयार केलेस, एवढेच त्याला विचारावे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
परळ, मुंबई