नावाने द्वीपकल्प, प्रत्यक्षात बेट

न्यू-ऑलेसुंद, स्वालबार्ड (नॉर्वे)
जुलै महिना

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही उभयता कुशल आहोत. बाबा, उपग्रह सगळे टिपत असताना तुम्ही दोघे तिथे पायपीट कशाला करता, असे तुम्ही मागे विचारले होते. त्याचे उत्तर इथल्या खाडीतच आहे. पलीकडच्या ब्लोमस्ट्रांड बेटाच्या नॉर्वेजियन नावातील ‘हाल्वोया’चा अर्थ द्वीपकल्प, परंतु त्याला किनाऱ्याशी जोडणारा भाग जमिनीचा नसून हिमनदीचा होता, आणि ती मागे सरल्यावर १९९०च्या दशकात मधले पाणी उघडे पडले. नाव मात्र अजून तेच आहे.

बर्फ किती मागे सरला हे कळण्यासाठी १९३६ साली नॉर्वेच्या मोहिमेने विमानातून काढलेली तिरकी छायाचित्रे आजच्या चित्रांशी जुळवायची, तर दोन्हींत दिसणारे खडकावरचे पक्के बिंदू लागतात, कारण सरकत्या बर्फावर खूण करून उपयोग नाही. ते बिंदू आम्ही मोजतो. जीपीएसच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५५ अंशांनी कललेल्या असल्याने ते इथे, ७९ अंश उत्तरेजवळ, थेट डोक्यावर कधीच येत नाहीत. त्यामुळे उंचीचे माप विशेष जपावे लागते. एकाने यंत्राशी बसायचे, दुसऱ्याने बंदूक घेऊन, पाठ फिरवून, अस्वलाची चाहूल घेत उभे राहायचे, अशी आमची वाटणी आहे. (संसारात इतका वेळ एकमेकांकडे पाठ करून आम्ही कधी काढला नव्हता.)

गेल्या आठवड्यात यांनी जीपीएसच्या अँटेनाची उंची १.४८२ मीटर सांगितली आणि मी १.४२८ लिहिली. बर्फाचे ओझे उतरल्याने इथली जमीन दरवर्षी काही मिलिमीटर वर येते; म्हणजे माझ्या दोन आकड्यांच्या अदलाबदलीत तिची कित्येक वर्षांची चढण बुडाली असती. संध्याकाळी आकडे जुळेनात, तेव्हा दुसऱ्या दिवशी होडीने पुन्हा तिथे जावे लागले. मी नीट ऐकले नाही, असे हे म्हणतात. वाऱ्यात पुटपुटल्यावर काय ऐकू येणार, असे माझे म्हणणे आहे. आता सांगितलेला आकडा दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणायचा, असे ठरले आहे.

फोन लागत नाही म्हणून काळजी करू नये. दूरच्या आकाशस्थ स्रोतांच्या क्षीण रेडिओ लहरी टिपून पृथ्वीचे फिरणे मोजणारी अँटेना इथे असल्याने वाय-फाय व ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. धुके हटले तर उद्या बेटाच्या उत्तरेकडचे उरलेले तीन बिंदू घेऊ.

आपली कन्या