पालवीचे चित्र आणि पिवळा बॅज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या विज्ञान पुरवणीतला अवकाशयानांच्या ‘हिरव्या इंधना’वरचा लेख वाचला. असा विषय घेतलात याबद्दल आभार. सोबत रॉकेटच्या बुडातून कोवळी पालवी फुटल्याचे जे चित्र छापले आहे, त्याबद्दल मात्र आभार मानवत नाहीत. उपग्रहांच्या टाक्या भरण्यात माझी उमेद गेली. पालवी कुठे दिसली नाही.

लेखक म्हणतात, नवे इंधन ‘पाण्याइतके निरुपद्रवी’ आहे. ते कुठले पाणी पितात कोण जाणे! ज्या स्वीडिश एलएमपी-१०३एस इंधनाचे त्यांनी एवढे गोडवे गायले आहेत, त्यात अमोनियम डायनायट्रामाइड आहे, अमोनिया आहे, पाणी आहे आणि मिथेनॉलही आहे. विषारी दारूने माणसे दगावल्याच्या बातम्या तुम्ही छापता, त्यातलेच हे मिथेनॉल. अमेरिकेच्या इंधनात हायड्रॉक्सिलअमोनियम नायट्रेट असते, तेही काही गुलाबपाणी नव्हे. ‘हिरवे’ म्हणजे एवढेच, की त्याची वाफ हायड्राझिनसारखी, म्हणजे उपग्रहांच्या जुन्या विषारी इंधनासारखी, उठून छातीत शिरत नाही. हातमोजे, चष्मा, ॲप्रन घालून माणूस ते भरू शकतो. एवढाच अर्थ. पण आमच्यासारख्यांना तो पुरेसा आहे, आणि नेमका तोच लेखात नाही.

१९७५ साली अपोलो-सोयुझ मोहिमेतून परतताना अमेरिकी यानात नायट्रोजन टेट्रॉक्साइडची, म्हणजे इंधन जाळायला लागणाऱ्या विषारी द्रवाची, वाफ शिरली आणि एक अंतराळवीर बेशुद्ध झाला, हे लेखकाने रंगवून सांगितले आहे. सांगावेच. पण ती टाकी जमिनीवर कुणीतरी भरली होती की नाही? त्या माणसांसाठी एक ओळ नाही.

हायड्राझिन भरायच्या दिवशी सगळा हॉल रिकामा करत. आत आम्ही तिघे, अंगात तो अगडबंब सूट, पाठीला हवेची नळी, कानात हेडफोन. नाक खाजले तर खाजू द्यायचे. घाम डोळ्यांत उतरला तर उतरू द्यायचा. नवी मुले म्हणत, वास आला की पळू. मला हसू येई. माशासारखा, अमोनियासारखा तो वास नाकाला कळतो, तोवर सुरक्षित मर्यादा कितीतरी पट ओलांडलेली असते. म्हणून तर खिशाला बॅज लावायचा. हवेत हायड्राझिन असेल तर त्यावरची पट्टी पिवळी पडते.

एकदा भरण्याचे काम संपले, हवा तपासली, ‘सर्व ठीक’ म्हणून जाहीर झाले, आणि नळ्या गुंडाळायला आम्ही साध्या कपड्यांत आत गेलो. पाव तासात माझी पट्टी पिवळी. सोबत्याचीही, थोडी फिकट. बाहेर येऊन वरिष्ठांना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि रजिस्टरमध्ये लिहिले, ‘बॅज मुदतबाह्य’. त्याच महिन्यात आलेल्या खोक्यातला होता तो! रक्त तपासले, अहवाल दिला नाही. मी तीन अर्ज केले. तिसऱ्याचे उत्तर निवृत्तीनंतर घरी आले: संबंधित कागदपत्रे नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत. मला काही झाले नाही, मी ठणठणीत आहे. पण ती पट्टी पिवळी झाली होती, आणि हे आजतागायत कुणी कागदावर मान्य केलेले नाही.

म्हणून सांगतो, २०१० साली उडालेल्या स्वीडिश प्रिझ्मा उपग्रहाचे मोठेपण लेखकाला कळलेले नाही. त्या एकाच उपग्रहावर हायड्राझिनही होते आणि हे नवे इंधनही. एक भरायला सूट लागले, दुसरे भरायला लागले नाहीत. याहून सोपा पुरावा कुठला हवा? आणि ‘भारताने जगात प्रथमच’ हे लेखातले वाक्य कुठून आले? प्रिझ्मानंतर अमेरिकेनेही २०१९ मध्ये आपले इंधन अवकाशात चालवून पाहिले. आपल्या बेलाट्रिक्स कंपनीचा, हिरव्या इंधनावरचा ‘रुद्र’ थ्रस्टर, म्हणजे उपग्रह ढकलणारे छोटे इंजिन, जानेवारी २०२४ मध्ये गेला. अभिमानाचीच गोष्ट आहे, त्यासाठी पहिला नंबर खोटा लावायची गरज नाही. शिवाय तो ज्या पीएसएलव्हीवर गेला, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ४० टनांच्या आसपास जुनेच विषारी इंधन होते. ज्या चौथ्या टप्प्यावर तो बसवला होता, तोही हायड्राझिनच्याच भाऊबंदातल्या मोनोमिथाइल हायड्राझिनवर चालणारा. म्हणजे हिरवा पाहुणा पिवळ्या गाडीतून गेला! हेही सांगायला हवे होते. नव्या इंधनासाठी त्याला पेटवणारा उत्प्रेरक आधी ३०० अंशांच्या पुढे तापवून ठेवावा लागतो, त्यासाठी उपग्रहाची वीज खर्च होते, हेही. थंड उत्प्रेरकावरही पेट घेण्यात हायड्राझिनचा हात धरणारा अजून कुणी नाही. शत्रूचेही गुण मान्य करावेत.

जाता जाता आणखी एक. गेल्या वर्षी सेमी-क्रायोजेनिक इंजिनावरच्या तुमच्या लेखातल्या चार चुका दाखवणारे माझे पत्र तुम्ही छापले होते. छापले म्हणजे काय, तर त्यातले ‘लेख आवडला’ एवढेच वाक्य ठेवले, खाली माझे पूर्ण नाव टाकले. ओळखीचे लोक अजून विचारतात, काय आवडले म्हणून. या वेळी कात्री चालवायचीच असेल तर वरचे आभार कापा, रुद्र कापा, प्रिझ्माही कापा. बॅजचा मजकूर तेवढा ठेवा. आणि नाव छापू नका.

कळावे,
एक सेवानिवृत्त तंत्रज्ञ